एमआरआयच्या बोगद्यामागचे गणित

गुडघा दुखतो म्हणून, मणक्यातली चकती सरकली असावी म्हणून किंवा डोकेदुखी थांबत नाही म्हणून डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात. दागिने, पट्टा, मोबाइल, चाव्या बाहेर ठेवून आपण त्या अरुंद बोगद्यात आडवे होतो. कानावर हेडफोन असला तरी ठकठक आणि घरघर ऐकू येतच राहते. तंत्रज्ञ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतो, ‘हलू नका.’ वीस मिनिटे, अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त. बाहेर आल्यावर अनेकांच्या मनात एकच प्रश्न असतो. मोबाइलने फोटो काढायला सेकंदही लागत नाही, मग कोट्यवधी रुपयांच्या या यंत्राला एवढा वेळ का लागतो?

याचे उत्तर असे की, हे यंत्र फोटो काढतच नाही. ते हजारो आकडे गोळा करते आणि नंतर त्या आकड्यांवरून संगणक शरीराचे चित्र रचतो. किती आकडे गोळा केले म्हणजे चित्र खरे येईल, याचा हिशेब गणिताच्या एका शाखेने 1930च्या दशकात मांडला होता. तेव्हा एमआरआय कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आज स्कॅनचा वेळ कमी करण्याची स्पर्धा सुरू आहे. गाळलेले आकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने, भरून काढले जात आहेत. अशा वेळी कुठवर विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबायचे, हेही तेच गणित सांगते. म्हणून ते थोडे समजून घेण्यासारखे आहे.

एकच माइक, अनेक आवाज

आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. एमआरआयच्या मोठ्या चुंबकात शिरल्यावर हे प्रोटॉन भोवऱ्यासारखे डोलू लागतात. दीड टेस्ला क्षमतेच्या यंत्रात हा वेग सेकंदाला सुमारे 6 कोटी 39 लाख फेऱ्या इतका असतो. त्याच वारंवारतेचा रेडिओ-लहरींचा झोत सोडला की प्रोटॉन ‘जागे’ होतात आणि झोत थांबल्यावर स्वतः एक क्षीण रेडिओ-संदेश देतात.

पदार्थातील केंद्रकांचा हा संदेश 1945-46च्या सुमारास फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे टिपला. स्टॅनफर्डमधील ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेतून 1951 मध्ये अल्कोहोलसारख्या सेंद्रिय द्रवांवरचा एक प्रसिद्ध शोधनिबंध निघाला. त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते श्रीनिवास धर्मट्टी. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला.

पण संदेश नेमका शरीराच्या कुठल्या भागातून आला, हे कसे ओळखायचे? 1973 मध्ये पॉल लॉटरबर यांनी उपाय सुचवला. चुंबकीय क्षेत्र एका बाजूला थोडे जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडे कमी ठेवा. म्हणजे जागेप्रमाणे प्रोटॉनची वारंवारता बदलेल. ब्रिटनमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनीही याच दिशेने काम केले आणि दोघांना 2003चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

समजा, शाळेच्या मैदानावर मुले एका ओळीत उभी आहेत. प्रत्येक मूल शेजाऱ्यापेक्षा किंचित वरच्या पट्टीत एकच सूर धरून आहे. कोणी जोरात, कोणी हळू. मैदानाच्या टोकाला एकच माइक आहे. माइकला ऐकू येते ती सगळ्यांची बेरीज. त्या बेरजेवरून कुठले मूल किती जोरात गात होते हे शोधायचे. हे काम फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रूपांतराने होते. एमआरआयमध्ये मुलांच्या जागी शरीराच्या छेदातले ठिपके आहेत आणि ‘किती जोरात’ याच्या जागी त्या ठिपक्यातून येणाऱ्या संदेशाची तीव्रता.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्राने नोंदवलेल्या प्रत्येक आकड्यात संपूर्ण छेदाचा वाटा असतो. या आकड्यांच्या नकाशाला ‘के-स्पेस’ म्हणतात. नकाशाच्या मध्यावरचे आकडे चित्रातला ढोबळ उजेड-अंधार सांगतात, कडेचे आकडे बारीक रेषा आणि कडा सांगतात. मधेच खोकला आला किंवा पाय हलला, तर चित्राचा तेवढाच भाग बिघडत नाही. सगळ्या छेदावर भुतासारख्या पुसट प्रतिमा उमटू शकतात. ‘हलू नका’ या सूचनेमागचे कारण हे आहे.

शितावरून भात

आता गणिताकडे वळू. के-स्पेस हे मुळात सलग आहे. त्यातल्या प्रत्येक जागी एक किंमत आहे आणि आपण त्यांपैकी काहीच जागी मोजतो. जागा दिली की किंमत सांगणाऱ्या अशा नियमाला गणितात ‘फलन’ म्हणतात. प्रश्न असा की, मोजलेल्या जागांमधल्या न मोजलेल्या किमती कशा कळणार? शेअर बाजाराचा सकाळचा आणि संध्याकाळचा निर्देशांक माहीत असला म्हणून दुपारचा कळत नाही. मग इथेच कसे जमावे?

जमते, कारण शरीराला सीमा आहे. डोके फार तर 25 सेंटिमीटरच्या चौकोनात मावते. त्याच्या बाहेर हवा आहे आणि तिथून काही संदेश येत नाही. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वस्तुस्थितीचा गणिती परिणाम फार मोठा आहे.

केंब्रिजचा तरुण गणिती रेमंड पॅले आणि अमेरिकेतील एमआयटीचे नॉर्बर्ट वीनर यांनी तो उलगडला. दोघे एकत्र काम करत असतानाच 7 एप्रिल 1933 रोजी कॅनडातील बॅन्फजवळ बर्फावर स्कीइंग करताना पॅले हिमस्खलनात सापडला आणि गेला. वय अवघे 26. वीनर यांनी दोघांच्या नावाने पुस्तक पूर्ण केले. ते 1934 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले एक प्रमेय आज पॅले-वीनर प्रमेय म्हणून ओळखले जाते.

प्रमेय असे सांगते की, एखादी गोष्ट मर्यादित जागेतच असेल, तर तिचे फूरिए रूपांतर साधेसुधे फलन नसते. ते नेहमीच्या संख्यारेषेपुरते न राहता संमिश्र संख्यांच्या पूर्ण पातळीवर पसरवता येते आणि तिथे कुठेही तुटत नाही, फाटत नाही, अनंताकडे उसळत नाही. संमिश्र संख्या म्हणजे ज्यांत उणे एकचे वर्गमूळही सामील करून घेतले आहे अशा संख्या. त्या रेषेवर मावत नाहीत, त्यांना कागदासारखे पूर्ण प्रतल लागते. एक भागिले क्ष हे फलन शून्यापाशी तुटते, म्हणून ते यात बसत नाही. शाळेतल्या बहुपदी, साइन, कोसाइन मात्र बसतात. अशा फलनांना इंग्रजी गणितात ‘एंटायर फंक्शन’ म्हणतात. आपण त्यांना समग्र फलने म्हणू.

समग्र फलनांचा स्वभाव विलक्षण ताठर असतो. त्यांचा इवलासा तुकडा जरी अचूक माहीत झाला, तरी उरलेले सगळे फलन त्यावरून ठरून जाते. त्याला दुसरा पर्यायच उरत नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, इथे तर एका शितावरून पातेलेभर भात पुन्हा तयार करता येतो, निदान कागदावर तरी. कागदावरचा हा ‘तरी’ महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

किती नोंदी पुरेशा?

पॅले-वीनर प्रमेयाचा दुसरा भाग आकाराविषयी आहे. समग्र फलन प्रतलाच्या एका दिशेने, म्हणजे काल्पनिक संख्यांच्या दिशेने, झपाट्याने वाढते. ते किती वेगाने वाढेल, हे मूळ वस्तूच्या रुंदीवरून ठरते. वस्तू रुंद तर वाढ जलद, वस्तू अरुंद तर वाढ संथ. उलटही खरे आहे. वाढीचा वेग कळला तर वस्तू किती जागेत मावते तेही कळते.

आता शाळेतली एक गोष्ट आठवा. वर्गसमीकरणाला जास्तीत जास्त दोन उत्तरे, घन समीकरणाला तीन. बहुपदी जितकी मोठी, तितक्या जास्त वेळा ती शून्य होऊ शकते. समग्र फलनांनाही असाच नियम लागू आहे. फलन जितके संथ वाढते, तितक्या त्याच्या शून्य होण्याच्या जागा विरळ असाव्या लागतात. दाट शून्ये हवी असतील तर फलनाला वेगाने वाढावेच लागते.

यावरून मोजणीचा नियम निघतो. समजा, दोन वेगळ्या माणसांच्या डोक्यांचे छेद आहेत आणि यंत्राने ठरावीक अंतराने घेतलेल्या सगळ्या नोंदी दोन्हींसाठी अगदी सारख्या आल्या. दोन्ही फलनांची वजाबाकी करा. वजाबाकी हेही त्याच जातीचे समग्र फलन आहे, डोक्याच्या रुंदीने त्याच्या वाढीला लगाम घातला आहे आणि प्रत्येक नोंदीच्या जागी ते शून्य आहे. नोंदी पुरेशा दाट असतील, तर इतकी शून्ये त्या वाढीला पेलणारी नाहीत. म्हणून ते फलन सगळीकडे शून्यच असले पाहिजे. अर्थात ती दोन चित्रे वेगळी नव्हतीच. थोडक्यात, पुरेशा दाट नोंदी दोन वेगळ्या चित्रांची गल्लत होऊ देत नाहीत.

या नियमाची वेगवेगळी रूपे 1915 मध्ये एडमंड व्हिटेकर, 1933 मध्ये सोव्हिएत संघात व्लादिमीर कोटेलनिकोव्ह आणि 1949 मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी मांडली. आपण रोज त्याचा फायदा घेतो. माणसाचा कान सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. त्याच्या दुपटीहून थोड्या जास्त, म्हणजे सेकंदाला 44,100 नोंदी घेतल्या की गाणे सीडीवर विश्वासूपणे साठवता येते. 

एमआरआयमध्ये हाच नियम सेंटिमीटरच्या भाषेत येतो. 25 सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात साधारण एक मिलिमीटरचे बारकावे हवे असतील, तर 256 ओळी आणि प्रत्येक ओळीत 256 नोंदी लागतात. जुन्या साध्या पद्धतीत एका वेळी एकच ओळ नोंदवली जाते आणि पुढच्या ओळीआधी प्रोटॉनना पूर्वस्थितीला येण्यासाठी थांबावे लागते. काही प्रकारच्या चित्रांत हा थांबा तीन सेकंदांचा असतो. 256 गुणिले तीन म्हणजे 768 सेकंद, जवळजवळ 13 मिनिटे, तीही एका प्रकारच्या चित्रांसाठी. पूर्ण तपासणीत असे अनेक प्रकार असतात. आजची यंत्रे एका खेपेला अनेक ओळी टिपतात, एकाऐवजी अनेक अँटेना वापरतात, म्हणून वेळ आटोक्यात आला आहे. वेळ लागण्याचे मूळ कारण मात्र हेच.

नियम मोडला तर काय होते, हे रेडिओलॉजिस्टना चांगले ठाऊक आहे. नोंदी विरळ घेतल्या आणि डोके ठरवलेल्या चौकोनापेक्षा मोठे निघाले, तर चौकोनाबाहेर गेलेला भाग दुमडून पलीकडच्या बाजूने आत येतो. नाक चक्क डोक्याच्या मागच्या बाजूला दिसते. पोटाच्या स्कॅनमध्ये हात यकृतावर पडल्यासारखा दिसू शकतो. नाक ओळखू येते म्हणून हसून सोडून देता येते. दुमडून आलेला भाग ओळखू येणारा नसेल, तर तो गाठ समजला जाण्याचा धोका असतो.

ऑपरेटरची कात्री

आता त्या ‘तरी’कडे येऊ. एका तुकड्यावरून पूर्ण फलन ठरते असे असेल, तर के-स्पेसचा छोटासा मधला भाग नोंदवून बाकीचा गणिताने का काढू नये? पाच मिनिटांचे काम पाच सेकंदांत होईल.

याचे उत्तर मिळवण्यासाठी गणिती एक वेगळीच नजर वापरतात. ते एकेका फलनाचा विचार न करता एका जातीच्या सगळ्या फलनांचा एकत्र विचार करतात. एका ठरावीक रुंदीच्या वस्तूंपासून येणारी, मर्यादित ऊर्जेची सगळी समग्र फलने एका ठिकाणी गोळा केली की त्याला पॅले-वीनर अवकाश म्हणतात. या अवकाशात प्रत्येक फलन हा जणू एक बिंदू आहे. दोन फलनांमधले अंतर मोजता येते, त्यांच्यातला कोनही सांगता येतो. एक फलन घेऊन त्याचे दुसरे फलन करणाऱ्या क्रियेला ऑपरेटर म्हणतात. धान्य घेऊन पीठ देणारी गिरणी डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की इथे आत फलन जाते आणि बाहेरही फलनच येते.

‘के-स्पेसच्या एवढ्याच खिडकीतले ठेवा, बाकीचे कापून टाका’ हा एक ऑपरेटर. ‘शरीराच्या चौकोनाबाहेरचे कापून टाका’ हा दुसरा. दोन्ही कात्र्या एकापाठोपाठ चालवल्या तर काय शिल्लक उरते? अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिड स्लेपियन, हेन्री पोलाक आणि हेन्री लँडाऊ यांनी 1961च्या सुमारास नेमका हा प्रश्न टेलिफोन-संदेशांच्या संदर्भात सोडवला. प्रत्येक ऑपरेटरची काही खास फलने असतात. गिरणीतून ती बाहेर पडतात तेव्हा त्यांचा आकार तसाच राहतो, फक्त ती एका ठरावीक पटीत लहान-मोठी होतात. त्या पटीला आयगेन व्हॅल्यू म्हणतात. इथे ती शून्य आणि एक यांच्यामध्ये असते. एकच्या जवळ म्हणजे फलन जवळजवळ पूर्ण वाचले, शून्याच्या जवळ म्हणजे जवळजवळ पूर्ण कापले गेले.

एरवी अशा किमती काढणे महाकठीण. इथे नशिबाने साथ दिली. पदार्थविज्ञानात लांबट, रग्बीच्या चेंडूसारख्या आकारांसाठी खूप आधीपासून वापरात असलेले एक समीकरण या दुहेरी कात्रीशी तंतोतंत जुळते, असे लक्षात आले. स्लेपियन स्वतः याला सुखद योगायोग म्हणत. त्यातून दिसलेले चित्र असे की, काही फलने जवळजवळ पूर्ण वाचतात, मग एक अरुंद कडा येते आणि तिच्यापलीकडे सगळे भराभर शून्याकडे कोसळते. वाचणाऱ्या फलनांची संख्या दोन्ही खिडक्यांच्या रुंदींच्या गुणाकाराएवढी असते. आपल्या 25 सेंटिमीटरच्या उदाहरणात एका दिशेने ती साधारण 256 येते, म्हणजे मोजणीच्या नियमाने सांगितलेलीच.

कड्यापलीकडची फलने गणिती अर्थाने नाहीशी झालेली नसतात. त्यांचा हजारावा, लाखावा अंश खिडकीत असतोच. म्हणून कागदावर शितावरून भात करता येतो. पण हजारावा अंश परत मूळ आकाराचा करायचा तर हजाराने गुणावे लागेल. प्रत्यक्ष मोजणीत थोडा तरी गोंगाट असतोच. रुग्णाच्या शरीरातली उष्णतासुद्धा तो निर्माण करते. तो गोंगाटही हजाराने गुणला जातो आणि चित्र त्यात बुडून जाते. हा नियम वस्तूच्या मर्यादेतूनच येतो. यंत्र महाग घेतले किंवा संगणक वेगवान घेतला, तरी ज्या माहितीची नोंदच झाली नाही ती केवळ या मार्गाने परत मिळत नाही.

समग्र फलनांच्या अवकाशांचा उपयोग इथेच संपत नाही. सोव्हिएत गणिती मार्क क्रेइन यांनी 1950च्या दशकात एक प्रश्न अभ्यासला. असमान जाडीची तार एका टोकाला छेडली आणि तिचा प्रतिसाद ऐकला, तर ती कुठे जाड आणि कुठे बारीक आहे हे सांगता येईल का? फ्रेंच-अमेरिकन गणिती लुई द ब्रांज यांनी पॅले-वीनर अवकाशाचे मोठे कुटुंब तयार केले, 1968 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि अशा प्रश्नांना एक चौकट दिली. याच द ब्रांज यांनी 1984 मध्ये, 1916 पासून अडलेला बीबरबाखचा तर्क सिद्ध करून जगाला चकित केले. बाहेरून ऐकून आतले ओळखणे हा क्रेइन यांच्या तारेचा प्रश्न होता आणि एमआरआयचाही तोच आहे.

वेळ वाचवण्याची युक्ती

मोठी माणसे अर्धा तास कशीबशी स्थिर राहतात. दोन वर्षांचे मूल कसे राहणार? लहान मुलांना एमआरआयसाठी अनेकदा गुंगीचे औषध किंवा भूल द्यावी लागते. पोटाच्या काही चित्रांत श्वास रोखावा लागतो. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा रुग्ण तो फार वेळ रोखू शकत नाही. वेळ कमी करणे हा त्यामुळे केवळ सोयीचा किंवा रांग कमी करण्याचा प्रश्न राहत नाही.

2004च्या सुमारास इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रॉम्बर्ग आणि टेरेन्स ताओ यांनी, तसेच डेव्हिड डोनोहो यांनी एक नवी वाट दाखवली. मोजणीचा जुना नियम त्या अवकाशातल्या प्रत्येक संभाव्य चित्रासाठी हमी देतो. पण शरीराचे छेद काही कशाही ठिपक्यांची रांगोळी नसतात. त्यात सलग सारखे भाग जास्त आणि कडा थोड्या असतात. ही जास्तीची माहिती हिशेबात धरली तर कमी नोंदींत काम भागेल. कँडेस आणि सहकाऱ्यांनी चाचणीसाठी डोक्याच्या छेदासारखे एक कृत्रिम चित्र घेतले, के-स्पेसमध्ये केंद्रातून जाणाऱ्या केवळ 22 रेषांवरच्या किमती ठेवल्या आणि त्यांवरून ते जसेच्या तसे परत मिळवले.

यात नोंदी कशा गाळायच्या यालाही महत्त्व आहे. ठरावीक अंतराने गाळल्या तर नाक मागे दिसते. क्रम न ठेवता विखरून गाळल्या तर चूक चित्रभर हलक्या धुक्यासारखी पसरते आणि ते धुके गणिताने पुसता येते. 2007 मध्ये मायकेल लस्टिग, डोनोहो आणि जॉन पॉली यांनी ही पद्धत एमआरआयला लावली. स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयात ती लहान मुलांवर वापरून पाहण्यात आली आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा सुविधेच्या यंत्रांना परवानगी दिली. तिला ‘कॉम्प्रेस्ड सेन्सिंग’ म्हणतात.

जुना नियम इथे मोडलेला नाही. हमी सगळ्या चित्रांसाठी होती, ती आता ठरावीक प्रकारच्या चित्रांपुरती केली आहे. चित्र गृहीत धरल्याप्रमाणे निघाले नाही, तर हमीही राहत नाही.

एआयने भरलेल्या जागा

एआयची पद्धत एक पाऊल पुढे जाते. ‘सलग भाग जास्त, कडा थोड्या’ असे नियम माणसाने सांगण्याऐवजी संगणक हजारो जुने स्कॅन पाहून स्वतःच अंदाज बांधायला शिकतो. 2018 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र आणि फेसबुकच्या संशोधन विभागाने ‘फास्टएमआरआय’ हा प्रकल्प सुरू केला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गुडघ्याचे चारपट कमी नोंदींतून एआयने तयार केलेले स्कॅन आणि नेहमीचे स्कॅन निदानासाठी एकमेकांऐवजी वापरता येतील असे दिसले. ही मोठी झेप आहे.

पण त्याच वर्षी केंब्रिजचे अँडर्स हॅन्सन, कॅनडातील बेन ॲडकॉक आणि सहकाऱ्यांनी इशाराही दिला. त्यांनी चित्र रचणाऱ्या काही एआय प्रणाली तपासल्या. मोजणीत अगदी सूक्ष्म, डोळ्याला न जाणवणारा बदल केला, तरी काहींच्या चित्रात मोठे दोष उमटले. छेदात एखादा बारीक तपशील घातला, तर तो काही वेळा पुसट झाला किंवा गायबच झाला. काही प्रणालींना जास्त नोंदी दिल्या तर चित्र सुधारण्याऐवजी बिघडले. फास्टएमआरआयच्या स्पर्धेतही काही चित्रांत मुळात नसलेले तपशील तपासणाऱ्या डॉक्टरांना आढळले.

कात्रीच्या गणितावरून याचे कारण कळते. ज्या गोष्टी ऑपरेटर कापून टाकतो, त्या यंत्राच्या नोंदींत नसतातच. दोन चित्रांतला फरक पूर्णपणे त्या कापलेल्या भागात पडत असेल, तर दोन्हींच्या नोंदी हुबेहूब सारख्या येतील. एकात बारीक गाठ आहे, दुसऱ्यात नाही, तरीही. अशा वेळी एआय जे दाखवते ते त्या रुग्णाच्या मोजणीतून आलेले नसते. ते आधी पाहिलेल्या इतर रुग्णांवरून केलेले अनुमान असते. अनुमान बहुतेकदा बरोबर येते, कारण बहुतेक गुडघे एकमेकांसारखे असतात. पण एमआरआय काढण्याचे कारणच मुळी असते की, या रुग्णात काहीतरी इतरांपेक्षा वेगळे आहे का, ते पाहणे.

म्हणून या क्षेत्रातले बरेच संशोधक एआयला मोकळे सोडत नाहीत. रचलेल्या चित्रातून पुन्हा के-स्पेसच्या किमती काढून त्या प्रत्यक्ष नोंदींशी जुळतात का, हे टप्प्याटप्प्याने तपासले जाते. मोजलेल्याशी विसंगत असे काही येऊ नये यासाठी हा पहारा आहे. न मोजलेल्या भागात मात्र तो पहारा चालत नाही. तिथे किती गाळायचे याची मर्यादाच पाळावी लागते.

रुग्णाने काय लक्षात घ्यावे?

जलद स्कॅन म्हणजे निकृष्ट स्कॅन, असा निष्कर्ष यातून काढू नये. लहान मुलाला भूल टाळता आली किंवा धाप लागणाऱ्या रुग्णाला कमी वेळ श्वास रोखावा लागला, तर तो निखळ फायदा आहे. शिवाय न हललेल्या रुग्णाचा पाच मिनिटांचा स्कॅन हा हललेल्या रुग्णाच्या पंधरा मिनिटांच्या स्कॅनपेक्षा बरा असू शकतो.

रुग्णाच्या हातात दोन-तीन गोष्टी असतात. स्कॅनच्या वेळी स्थिर राहणे ही पहिली. खोकला, पाठदुखी किंवा बंद जागेची भीती असेल, तर ती आधीच सांगावी, म्हणजे तंत्रज्ञ त्यानुसार योजना करतो. मधेच हालचाल झाली तर लपवू नये. तेवढी मालिका पुन्हा घेणे शक्य असते आणि चुकीच्या चित्रावरून निदान होण्यापेक्षा ती पाच मिनिटे कधीही स्वस्त. आधीचे स्कॅन असतील तर सोबत न्यावेत. तुमच्याच जुन्या चित्राशी केलेली तुलना ही इतरांवरून केलेल्या अनुमानापेक्षा अधिक खात्रीची असते. आणि अहवालात ‘पुन्हा तपासणी करावी’ किंवा ‘अधिक बारकाईने स्कॅन घ्यावा’ असे लिहिले असेल, तर त्याला पैसे उकळण्याचा प्रकार समजून टाळू नये. अनेकदा त्याचा अर्थ इतकाच असतो की डॉक्टरांना जे पाहायचे आहे ते पहिल्या नोंदींत पुरेसे आलेले नाही आणि ते पाहायचे तर पुन्हा मोजावेच लागेल.